अकरा एकवीस ते एक सात

ली हार्वी ओसवाल्डच्या हृदयाला गोळी लागलीच नव्हती. डॅलसच्या पार्कलंड मेमोरियल हॉस्पिटलमधल्या शस्त्रक्रियेच्या नोंदीत हे स्वच्छ लिहिलेलं आहे: हृदयाच्या आवरणात रक्त नाही, छातीच्या पोकळीतही रक्त साचलेलं नाही. नासधूस झाली ती सगळी श्वासपटलाच्या खाली, पोटात. तरीही त्या दिवशी सर्जनांना आधी पोट आणि मग छाती अशा दोन्ही पोकळ्या एकाच टेबलावर, एकाच बैठकीत उघडाव्या लागल्या. पोटातलं काम त्यांनी जवळजवळ तडीस नेलं होतं. हात टेकावे लागले ते हृदयापाशी.

राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या खुनावर इतकं लिहिलं गेलंय की कपाटंच्या कपाटं भरतील. त्यात या खुनाचा आरोपी ओसवाल्ड याचा शेवट बहुतेक जण एका ओळीत उरकतात: जॅक रूबीनं गोळी झाडली आणि ओसवाल्ड इस्पितळात मेला. मधल्या एक तास सेहेचाळीस मिनिटांत काय झालं, याची सर्जनांनी लिहिलेली नोंद, केनेडींच्या खुनाची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाच्या अहवालाच्या परिशिष्टात छापलेली आहे. पोटातल्या जखमेनं धडधाकट हृदय कसं थांबतं, हे इतक्या कमी शब्दांत आणि इतक्या नेमकेपणानं सांगणारं दुसरं काही माझ्या वाचनात नाही. ते सावकाश वाचण्यासारखं आहे, म्हणून हा घटनाक्रम.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर १९६३, दुपारी १:००

पार्कलंडच्या ट्रॉमा रूम १ मध्ये केनेडी यांना मृत घोषित करण्यात आलं. श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवणारे सर्जन माल्कम पेरी होते. त्यांच्यासोबत रॉबर्ट मॅक्लेलंड आणि रॉन जोन्स होते, भूलशास्त्राचे प्रमुख एम. टी. जेंकिन्स होते. सर्जरी विभागाचे प्रमुख टॉम शायर्स त्या दिवशी गॅल्व्हस्टनला होते. ते तातडीनं परतले आणि त्याच हल्ल्यात जखमी झालेले टेक्सासचे गव्हर्नर कॉनली यांच्या मांडीची शस्त्रक्रिया त्यांनी केली. ही नावं लक्षात ठेवायची, कारण रविवारी हीच माणसं पुन्हा हातमोजे चढवणार आहेत.

केनेडींच्या मृत्यूनंतर तासाभरातच पोलिसांनी एका चित्रपटगृहातून ओसवाल्डला पकडलं. पोलीस अधिकारी जे. डी. टिपिट यांच्या खुनाचाही आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. त्याचं वय होतं २४.

शनिवार, २३ नोव्हेंबर, संध्याकाळ

डॅलसच्या पोलीस मुख्यालयात पत्रकारांची अशी झुंबड होती की आरोपीला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचं तर कॅमेऱ्यांच्या तारांवरून पाय टाकत जावं लागे. त्याला परगण्याच्या तुरुंगात हलवायचं ठरलं होतं. पोलीस प्रमुख जेसी करी यांनी पत्रकारांना सांगून टाकलं की उद्या सकाळी दहापर्यंत आलात तर तुमचं काही चुकणार नाही. आरोपी कधी हलवणार, हे अशा रीतीनं साऱ्या गावाला कळलं.

रविवार, २४ नोव्हेंबर, पहाटे अडीच ते तीन

एफबीआयच्या स्थानिक कचेरीत आणि शेरीफच्या कार्यालयात निनावी फोन आले. राष्ट्राध्यक्षांना मारणाऱ्याला आम्ही मारणार, असा निरोप होता. शेरीफच्या माणसांचं मत पडलं की त्याला अंधारातच गुपचूप हलवावं. तसं झालं नाही. पत्रकारांना शब्द दिलेला होता.

सकाळी ९ ते ११:१०

तळघरातला वाहनतळ रिकामा करून झडती घेण्यात आली. गाड्यांच्या डिक्या, छतावरचे पाइप, सगळं तपासलं. साधारण ७० ते ७५ पोलीस आणि ४० ते ५० पत्रकार खाली जमले. चिलखती गाडी मागवली होती, पण ती उतारावरून खाली बसेना, म्हणून वरच तोंडाशी उभी केली. मग बेत पुन्हा बदलला: चिलखती गाडी निव्वळ हुलकावणीसाठी पुढे पाठवायची आणि ओसवाल्डला साध्या गाडीतून न्यायचं.

वर कॅप्टन विल फ्रिट्झ यांच्या खोलीत चौकशी लांबली. टपाल खात्याचे निरीक्षक हॅरी होम्स आले होते. बंदूक टपालानं मागवली होती आणि टपालपेटी ओसवाल्डची होती, त्यामुळे त्यांचे प्रश्न बरेच होते. दहाची वेळ टळून गेली. निघता निघता ओसवाल्डनं अंगात काहीतरी घालायला मागितलं. त्याला काळा स्वेटर देण्यात आला.

११:१७

मुख्यालयापासून काही पावलांवर वेस्टर्न युनियनची कचेरी होती. नाइट क्लबचा मालक जॅक रूबी तिथे खिडकीपाशी उभा होता. त्याच्या क्लबात नाचणाऱ्या एका मुलीला पैशांची नड होती, म्हणून त्यानं २५ डॉलर तारेनं पाठवले. पावतीवरच्या शिक्क्यात वेळ आहे ११:१७. त्याची कुत्री बाहेर गाडीत बसून होती. खिशात पॉइंट ३८ चं कोल्ट कोब्रा रिव्हॉल्व्हर होतं.

तिथून तो तळघरात कसा शिरला यावर अजून एकमत नाही. वॉरन आयोगाच्या मते तो मेन स्ट्रीटच्या उतारावरून आला असावा, कारण त्याच वेळी एक पोलीस गाडी त्या उतारावरून वर निघाली होती आणि पहारेकरी बाजूला झाला होता. १९७९ साली संसदेच्या चौकशी समितीनं त्यावर शंका घेतली आणि गल्लीतला दरवाजा व जिना यांकडे बोट दाखवलं. वाट कुठलीही असो, पावतीवरच्या शिक्क्यात आणि गोळीत चार मिनिटांचं अंतर आहे. स्वेटरसाठी लागलेला वेळ वाचला असता तर रूबी पोचेपर्यंत गाडी कदाचित निघून गेली असती. हे मनातून काढून टाकणं मला जमत नाही.

११:२१

ओसवाल्डचा हात डिटेक्टिव्ह जिम लेव्हेल यांच्या हाताला बेडीनं जोडलेला होता. दुसऱ्या बाजूला एल. सी. ग्रेव्ह्ज होते. ज्या गाडीत त्याला बसवायचं होतं, ती अजून मागे घेत जागेवर लावली जात होती. रूबी पत्रकारांच्या फळीतून पुढे आला आणि हाताच्या अंतरावरून त्यानं एक गोळी झाडली. ग्रेव्ह्ज यांनी रिव्हॉल्व्हर धरून ठेवलं, त्यामुळे दुसरी सुटली नाही.

एनबीसी वाहिनीवर हे थेट चालू होतं. भारतात तेव्हा रात्रीचे दहा वाजून एकावन्न मिनिटं झाली होती. 'डॅलस टाइम्स हेरल्ड'च्या रॉबर्ट जॅक्सन यांनी नेमक्या त्या क्षणी टिपलेल्या छायाचित्राला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. त्या छायाचित्रात ओसवाल्डचं तोंड वासलेलं आहे, खांदे आत ओढले गेले आहेत आणि हात पोटाशी येतोय.

गोळी शिरली ती डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांमधून. बाहेरून पाहणाऱ्याला ही छातीची जखम वाटेल. पण श्वासपटल घुमटासारखं वर चढलेलं असतं, त्यामुळे त्या पातळीवर आतला बराचसा भाग पोटाचाच असतो. गोळी श्वासपटल भेदून आडवी गेली: प्लीहा, स्वादुपिंडामागचा भाग, महाधमनी, खालची महाशिरा, उजवं मूत्रपिंड, यकृताचा उजवा खालचा कोपरा. उजव्या कुशीत कातडीखाली येऊन ती थांबली. माणसाच्या धडातून एक आडवी रेघ मारायची आणि तीत रक्ताच्या जास्तीत जास्त मोठ्या वाहिन्या याव्यात असं कुणी ठरवलं, तर ती रेघ हीच.

११:२१ ते ११:३२

त्याला तुरुंगाच्या कचेरीत फरशीवर ठेवलं. प्रथमोपचाराला ठेवलेला वैद्यकीय शाखेचा एक विद्यार्थी धावत आला. त्याला ठोका सापडेना, म्हणून त्यानं छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. बाहेरून हृदयाला मालिश करण्याची ही पद्धत जॉन्स हॉपकिन्सच्या काउवेनहोव्हेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी १९६० साली, म्हणजे तीनच वर्षांपूर्वी मांडली होती. एका पोरसवदा मदतनीसाला ती ठाऊक असावी, ही त्या काळाच्या मानानं मोठी गोष्ट होती. पण महाधमनी फुटलेली असताना छाती दाबली, तर हृदयात उरलंसुरलं रक्त पुढे ढकललं जातं आणि भोकातून पोटात उतरतं. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. बाहेरून पाहून आत काय फुटलंय, ते कुणालाच कळलं नसतं.

रुग्णवाहिका चटकन आली. डॅलसमध्ये तेव्हा रुग्णवाहिका अंत्यविधी करणाऱ्या कंपन्या चालवत. आडवा झोपवता येईल अशी गाडी त्यांच्याकडे असे, म्हणून हे काम त्यांच्याकडे. तिच्यात प्राणवायू होता. शीर शोधून सलाइन लावणारा, वाटेत रक्त देणारा माणूस मात्र नव्हता, कारण तशी व्यवस्था अमेरिकेत तोवर उभीच राहिलेली नव्हती.

गोळी लागल्यापासून इस्पितळाच्या दारात पोचेपर्यंत अकरा मिनिटं गेली. आजच्या कुठल्याही शहरात याला उत्तम वेळ म्हणतील.

११:३२

केनेडींना जिथे ठेवलं होतं त्या ट्रॉमा रूम १ मध्ये ओसवाल्डला न्यायचं नाही, असं ठरलं होतं. त्याला २ मध्ये नेलं. खोली बदलली, पण उपचार करणारी माणसं तीच होती.

पेशंट बेशुद्ध. बीपी लागत नाही. हृदयाचे ठोके अधूनमधून ऐकू येतात, मिनिटाला १३० च्या गतीनं. उजव्या कुशीत कातडीखाली गोळी बोटाला लागते. एवढ्यावरून सर्जनांनी ओळखलं की गोळी आरपार गेली आहे आणि मधलं सगळं तिच्या वाटेत आहे.

पुढच्या दहा मिनिटांत झालेलं काम आजही कुठल्याही कॅज्युअल्टीनं अभिमानानं सांगावं असं आहे. जेंकिन्स यांनी श्वासनलिकेत नळी घातली. गोळी छातीतून शिरली असल्यानं रॉन जोन्स यांनी डाव्या छातीत निचऱ्याची नळी बसवली. बाकीच्यांनी कातडी कापून शिरा उघड्या केल्या आणि त्यांत सुया घातल्या. रिंगर लॅक्टेट सुरू झालं, मागोमाग रक्त.

रिंगर लॅक्टेटवर थोडं थांबायला हवं. टॉम शायर्स या माणसाचं त्या वर्षांतलं सगळं संशोधन रक्तस्रावाच्या धक्क्यावर चाललं होतं. रक्त गेलेल्या माणसाच्या पेशींबाहेरचं पाणीही आटतं, त्यामुळे नुसतं रक्त देऊन भागत नाही, रिंगर लॅक्टेटसारखा क्षारयुक्त द्रावही द्यावा लागतो, हे त्यांनी प्रयोगशाळेत दाखवलं होतं. पुढे व्हिएतनामच्या युद्धात हजारो सैनिकांना त्याचा उपयोग झाला. आज महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या दवाखान्यातही अपघातातल्या पेशंटला 'आरएल' लावतात, त्यामागे शायर्स यांचं हे काम आहे. त्या रविवारी डॅलसमध्ये रक्तस्रावानं मरणारा एक माणूस नेमका या विषयातल्या देशातल्या अव्वल जाणकाराच्या हाती आला होता.

११:४२ च्या पुढे

पेशंट वर थिएटरात. भूल दिलीच नाही. नोंदीत लिहिलंय की नुसता प्राणवायू दिला, भुलीचं औषध कुठलंही नाही. ज्याला काहीच जाणवत नाही त्याला भूल कशाची द्यायची, आणि भुलीच्या औषधानं बीपी आणखी उतरतं. टेबलापाशी शायर्स, पेरी, मॅक्लेलंड आणि जोन्स.

पोटाच्या मध्यरेषेवर लांब छेद घेतला. नेहमी असा छेद घेतला की कातडीखालच्या बारीक वाहिन्या भळभळतात, एकेक पकडून बांधाव्या लागतात. इथे बांधायला काही नव्हतं. नोंद म्हणते, रक्तस्राव दिसला नाही, म्हणून क्लॅम्प लावले नाहीत. ही ओळ वाचताना सर्जन लोक थबकतात. कापलेली कातडी कोरडी असणं म्हणजे रक्त तिथवर पोचतच नाहीये.

पेरिटोनियम, म्हणजे पोटाच्या पोकळीचं अस्तर, उघडल्याबरोबर दोन ते तीन लिटर रक्त, काही पातळ, काही गोठलेलं. ते काढलं. प्लीहेचा वरचा भाग फुटलेला. स्वादुपिंडाच्या मागे रक्ताचा मोठा गोळा. उजवीकडून रक्त येत होतं, म्हणून आधी उजवी बाजू घेतली. मूत्रपिंड सोडवून बाजूला केलं आणि महाशिरेतल्या भोकावर सॅटिन्स्की क्लॅम्प लावला. हा क्लॅम्प शीर पूर्ण बंद करत नाही, फक्त भोकाचा काठ चिमटीत धरतो, म्हणजे रक्त हृदयाकडे जायचं थांबत नाही. मूत्रपिंडाभोवती पॅक दाबून बसवले.

मग डावीकडे. इथे रक्ताचा लोंढा होता. प्लीहा आणि स्वादुपिंड उचलून मध्याकडे वळवल्यावर खरी जखम दिसली: सुपीरियर मेसेंटरिक धमनी महाधमनीपासून मुळातून तुटलेली होती. जवळजवळ सगळ्या लहान आतड्याला रक्त पुरवणारी ही धमनी. ती जिथून निघते तिथे आता महाधमनीला खिंडार होतं आणि हृदयाचा प्रत्येक ठोका त्यातून पोटात रिकामा होत होता. त्या जागेपर्यंत पोचणं कुठल्याही सर्जनला नको वाटतं. समोर स्वादुपिंड, मागे पाठीचा कणा, वर श्वासपटल, आणि रक्तात बुडालेलं असल्यामुळे दिसत काहीच नाही, बोटांनी चाचपून जावं लागतं.

ते पोचले. धमनीच्या तुटक्या टोकावर लहान वाकडा डिबेकी क्लॅम्प लावला. महाधमनीवर वर सरळ डिबेकी, खाली पॉट्स क्लॅम्प.

नोंदीतलं यापुढचं वाक्य असं की, या टप्प्यावर सर्व मोठा रक्तस्राव आटोक्यात आला होता. वरचं बीपी १०० च्या आसपास. नाडी ८० ते ९०.

तासापूर्वी ज्याचं बीपी लागत नव्हतं त्याचं १०० वर आलं होतं. तिथे उभ्या असलेल्या लोकांना क्षणभर काय वाटलं असेल याचा अंदाज करता येतो. वॉशिंग्टनमध्ये त्याच सुमारास केनेडींची शवपेटी तोफगाड्यावरून कॅपिटॉलकडे निघाली होती. इकडे त्यांच्या खुनाचा आरोपी जगण्याच्या वाटेवर आहे, असं काही मिनिटं तरी वाटलं.

साडेबारा उलटून गेल्यावर

नाडी ४० झाली. काही सेकंदांनी शून्य. महाधमनीवर बोट ठेवलं तर तिथेही काही लागेना.

आणि मग छाती उघडली. डावीकडे, चौथ्या बरगडीच्या खालच्या फटीतून. बरगड्या फाकवायला फिनोचिएट्टो रिट्रॅक्टर बसवला. श्वासपटलातलं गोळीचं भोक दिसलं. छातीत रक्त नाही, हवाही फारशी नाही, कारण नळी आधीच बसवलेली होती. हृदय मऊ, लिबलिबीत, अजिबात न हलणारं. आवरण उघडलं. आवरणात रक्त नाही. म्हणजे हृदयाची स्वतःची काही तक्रार नव्हती. ते रिकामं पडून, उपाशी राहून, थंड पडून थांबलं होतं.

कारण काय? एकच असं नाही. गोळी लागल्यापासून क्लॅम्प बसेपर्यंत बराच वेळ शरीराला पुरेसा प्राणवायू मिळालेला नव्हता. प्राणवायूवाचून पेशी आम्ल तयार करतात आणि आम्लधर्मी रक्तात हृदयाचा स्नायू नीट आकसत नाही. शीतपेटीतलं साठवलेलं रक्त भराभर चढवलं की शरीर थंड पडतं. शिवाय साठवलेल्या रक्तात पोटॅशियम वाढलेलं असतं, ते ठोके बिघडवतं. रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि कॅल्शियमवाचून स्नायू ढिला पडतो. पोट उघडं, आतडी बाहेर, दिव्यांखाली सगळं निवत चाललेलं. या सगळ्याचं देणं हृदयाला एकदम चुकवावं लागतं, आणि बरेचदा रक्तस्राव थांबल्यावरच.

पेरी, मॅक्लेलंड आणि जोन्स आळीपाळीनं हृदय हातात धरून दाबत राहिले. हातानं दाबलं की नाडी लागत होती, सोडलं की जात होती. कॅल्शियम क्लोराइड डाव्या जवनिकेत टोचलं, ते सायट्रेटची भरपाई म्हणून. पाठोपाठ एपिनेफ्रिन आणि झायलोकेन. हृदय थांबलेलं होतं, ते निदान थरथरू लागलं. थरथरणाऱ्या हृदयाला विजेचा धक्का देऊन ताळ्यावर आणता येतं, हे क्लीव्हलंडच्या क्लॉड बेक यांनी १९४७ साली एका मुलावर करून दाखवलं होतं. इथे २४० व्होल्ट दिले. मग ३६०. मग ५००. मग ७५०. थरथर थांबली, पण ठोका आला नाही. उजव्या जवनिकेच्या भिंतीत पेसमेकरची तार खोवली. तारेभोवतीचा तेवढाच स्नायू अगदी किंचित हलायचा. बाकी हृदय गप्प.

या धावपळीत कुणीतरी उजव्या कुशीतली गोळी कातडीला छेद देऊन काढून घेतली. तो खटल्यातला पुरावा होता.

१:०७

जेंकिन्स डोक्याशी होते. त्यांनी सांगितलं की बाहुल्या विस्फारून स्थिर झाल्या आहेत, डोळ्याच्या पडद्यावर रक्त वाहत नाही, श्वासाची धडपड नाही, मालिश करूनही आता नाडी टिकत नाही. एक वाजून सात मिनिटांनी ओसवाल्डला मृत घोषित केलं. केनेडींच्या मृत्यूच्या घोषणेनंतर अठ्ठेचाळीस तास सात मिनिटांनी, त्याच इस्पितळात.

मोजलेला रक्तस्राव ८,३७६ सीसी होता. प्रौढ माणसाच्या अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असतं. म्हणजे अंगातलं सगळं आणि वर बाटल्यांतून चढवलेलं बरंचसं, दोन्ही वाहून गेलं.

दुपारी २:४५

वैद्यकीय परीक्षक अर्ल रोज यांनी शवविच्छेदन केलं. केनेडींचा देह विच्छेदनाविना टेक्सासबाहेर न्यायला शुक्रवारी कायद्याचा आधार घेऊन विरोध करणारे हेच. मृत्यूचं कारण त्यांनी रक्तस्राव असं नोंदवलं.

१९९२ साली पार्कलंडमधले तेव्हाचे निवासी डॉक्टर चार्ल्स क्रेनशॉ यांनी लिहिलं की शस्त्रक्रिया चालू असताना नवे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचा थिएटरात फोन आला आणि आरोपीचा कबुलीजबाब मिळवा असं त्यांनी सांगितलं. या दाव्यावर वाद आहे. फोन आला असो वा नसो, शायर्स यांच्या नोंदीतलं एक वाक्य पुरेसं आहे: इस्पितळात आल्यापासून मरेपर्यंत पेशंट एकदाही शुद्धीवर आला नाही. तो काही बोलण्याची शक्यता ११:३२ लाच संपली होती. खरी आपत्ती माझ्या लेखी ही आहे. साक्षीपुरावा, उलटतपासणी, आरोपीचं म्हणणं, हे सगळं खुल्या कोर्टात व्हायला हवं होतं, ते कायमचं राहून गेलं आणि त्या जागी अटकळी येऊन बसल्या. रूबीला मार्च १९६४ मध्ये मृत्युदंड झाला, अपिलात ऑक्टोबर १९६६ मध्ये तो रद्द झाला, आणि नवा खटला उभा राहण्याआधी ३ जानेवारी १९६७ रोजी फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून तो वारला. तोही पार्कलंडमध्येच.

त्या टेबलापाशी वेगळं काही करता आलं असतं का, हा प्रश्न सर्जनांनी पुढे विचारला, आणि तो ओसवाल्डपुरता राहिला नाही. पोट रक्तानं गच्च भरलेलं असतं तेव्हा आतला दाबच थोडाफार बांध घालून असतो. पोट उघडलं की तो बांध सुटतो आणि हृदय कोसळतं. म्हणून १९७६ साली डेट्रॉइटच्या लेजरवूड, लुकास आणि सहकाऱ्यांनी क्रम उलटा करण्यावर लिहिलं: पोटाला हात लावण्याआधी डावी छाती उघडा, श्वासपटलाच्या वर महाधमनी बंद करा, उरलेलं रक्त हृदय आणि मेंदूकडे वळवा, मग खाली उतरा. १९९३ साली फिलाडेल्फियाच्या रोटोंडो आणि श्वाब यांनी 'डॅमेज कंट्रोल' हे नाव देऊन एक रीत मांडली: पहिल्या फेरीत फक्त रक्त थांबवा, पॅक भरा, पोट तसंच उघडं ठेवून पेशंटला आयसीयूत गरम करा, आम्ल उतरवा, बाकी दुरुस्ती दुसऱ्या दिवशी. महाधमनीत मांडीतून फुगा सरकवून ती आतून बंद करण्याची युक्ती तर कोरियाच्या युद्धात कार्ल ह्यूज यांनी करून पाहिली होती आणि १९५४ साली छापलीही होती. ती रोजच्या वापरात यायला पन्नासहून अधिक वर्षं गेली.

आज तीच गोळी, तीच वाट आणि तीच अकरा मिनिटं घेऊन कुणी मोठ्या ट्रॉमा सेंटरला आला, तर त्याला रुग्णवाहिकेतच रक्त सुरू झालेलं असू शकेल, चढवलं जाणारं रक्त यंत्रातून गरम होऊन येईल, सोबत प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स असतील आणि कॅल्शियम हृदय थांबायची वाट न पाहता आधीच दिलं जाईल. बीपी लागत नसेल तर कॅज्युअल्टीतच डावी छाती उघडतील. पेरी आणि मॅक्लेलंड यांनी शेवटी जिथे हात घातला, तिथे आजचा सर्जन पहिल्या पाच मिनिटांत हात घालील. एवढं करूनही, महाधमनीपासून तुटलेली मेसेंटरिक धमनी आणि फाटलेली महाशिरा एकाच पेशंटमध्ये असतील, तर बाहेर बसलेल्या नातेवाइकांना जगण्याचा शब्द द्यायला कुठलाही अनुभवी सर्जन तयार होणार नाही.